ध्वनिक्षेपकाच्या दोन बाजू

कला कलेसाठी की जीवनासाठी, हा वाद मी शाळेत शिकलो आणि आता शाळेतच शिकवतो. एका बाजूला फडके, दुसऱ्या बाजूला खांडेकर आणि मध्ये परीक्षार्थी. दोघांचेही निम्मे निम्मे खरे मानून तो आपले गुण पदरात पाडून घेतो. मीही त्या वेळी तेच केले होते. पुढे स्वतः कादंबऱ्या लिहिल्या, तरी उत्तर हाती लागले असे म्हणवत नाही. पण गेली दोन-तीन वर्षे एका इंग्रज गवयाच्या गाण्याचा, आणि गाण्याहूनही अधिक त्याच्या रेडिओवरील कामाचा मला नाद लागला आहे. त्याचा प्रवास न्याहाळताना वाटू लागले, की हा प्रश्न विचारतानाच आपण एक माणूस विसरत होतो. तो कोण, ते ओघाने येईलच.

या गवयाचे नाव टॉम रॉबिन्सन. जन्म १९५० चा, गाव केंब्रिज. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते, त्यामुळे त्याचे एकेक गाणे मला तीन-चारदा ऐकावे लागते. रात्री वह्या तपासून झाल्या, घरात निजानीज झाली, की मी ते ऐकत बसतो. आपल्याकडे हे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही, म्हणून आधी त्याची थोडी हकीकत सांगणे भाग आहे.

रॉबिन्सन तेरा वर्षांचा असताना शाळेतल्याच एका मुलावर त्याचे मन जडले. त्या काळी इंग्लंडात पुरुषाने पुरुषावर प्रेम करणे हा तुरुंगात नेणारा गुन्हा होता. हे कुणाला सांगावे आणि कसे? मनातल्या मनात कुढून, सोळाव्या वर्षी त्याने स्वतःचे आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने तो वाचला. पुढे काय करायचे, या विवंचनेत असलेल्या त्याच्या मुख्याध्यापकांनी त्याला केंट परगण्यातल्या फिंचडेन मॅनर या संस्थेत पाठवले. मनाने कोलमडलेल्या मुलांना तिथे आसरा मिळे. जॉर्ज लायवर्ड नावाचे गृहस्थ ती चालवीत. शिक्षेचा बडगा न उगारता, मुलाला त्याच्या गतीने सावरू द्यावे, अशी त्यांची रीत. रॉबिन्सन तिथे सहा वर्षे राहिला.

याच संस्थेत पूर्वी राहून गेलेला ॲलेक्सिस कॉर्नर हा गायक एकदा तिथे आला. एक माणूस, एक गिटार आणि समोर बसलेली पोरे. एवढ्या सामग्रीवर सगळी खोली भारून टाकता येते, हे रॉबिन्सनने त्या दिवशी पाहिले आणि आपल्याला काय करायचे आहे ते त्याला कळले. वाचकांनी हा कॉर्नर ध्यानात ठेवावा. पुढे तोही बीबीसीवर संगीताचा कार्यक्रम सादर करू लागला होता.

१९७३ साली रॉबिन्सन लंडनला आला. तिथे त्याने ‘कॅफे सोसायटी’ नावाचे त्रिकूट जमवले. १९७५ साली त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. ती जेमतेम ६०० खपली. मग त्याने स्वतःच्या नावाचा ताफा उभा केला. तो गाई आणि बास गिटारही वाजवी. १९७७ च्या अखेरीस ‘टू-फोर-सिक्स-एट मोटरवे’ हे रात्रभर मालमोटार हाकणाऱ्याचे गाणे इंग्लंडच्या पहिल्या पाचांत जाऊन बसले. गाणे हलकेफुलके, ठेका पक्का. कुणालाही गुणगुणता यावे असे. एवढ्यावर तो सुखाने नांदू शकला असता.

पण त्याच्याजवळ दुसरे एक गाणे होते. १९७६ च्या लंडनमधल्या समलिंगी मंडळींच्या मिरवणुकीसाठी त्याने ते लिहिले होते. नाव ‘ग्लॅड टू बी गे’. म्हणजे, आहे मी समलिंगी आणि त्यात मला आनंद आहे. दिवाळी अंकात, फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. त्यांना माझे नम्र सांगणे असे, की ज्या घरांत हा अंक जाईल त्यांपैकी एखाद्या घरात, माजघराच्या कोपऱ्यात, सोळा वर्षांचे एक गप्प गप्प मूल बसलेले असू शकेल. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ६ सप्टेंबर २०१८ रोजी अशा प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसून टाकला. तेव्हा या विषयाला आता घराबाहेर उभे करण्याचे कारण उरलेले नाही.

नाव ऐकून गाणे आनंदाचे असेल असे वाटते, आणि तिथेच कवीची चलाखी आहे. कडव्यांमध्ये आनंद औषधालाही नाही. इंग्लंडात १९६७ च्या कायद्याने एकवीस वर्षांवरील पुरुषांच्या खाजगी संबंधांना मोकळीक मिळाली होती. तरी पोलीस त्यांच्या बैठकीच्या जागांवर धाडी घालत, वर्तमानपत्रे टिंगल करीत, रस्त्यात त्यांना मारहाण होई. कडव्यांत या साऱ्याचा पाढा आहे, तोही बोचऱ्या, जवळजवळ कारकुनी कोरडेपणाने वाचलेला. आणि मग येते ते ध्रुपद; सोपे, सगळ्यांनी मिळून म्हणण्याजोगे. पोवाड्यात झीलकरी जशी झील धरतात, तसे सगळे सभागृह ते उचलून धरी. गंमत अशी, की झील धरणाऱ्यांत बायकापोरांचे संसारी लोकही असत, आणि ध्रुपद प्रथमपुरुषी एकवचनी असल्यामुळे त्यांनाही क्षणभर ‘मी’ म्हणावे लागे. दुसऱ्याचे दुःख माझे आहे, असे भाषणातून सांगणे सोपे. ऐकणाऱ्याच्या तोंडून ते वदवून घेणे कठीण. हे ज्याला साधले त्याला निव्वळ प्रचारक म्हणून निकालात काढता येणार नाही.

त्याच सुमारास इंग्लंडात वर्णद्वेषाचे वारे वाहत होते. जून १९७६ मध्ये साउथॉल येथे गुरदीपसिंग चग्गर या पंजाबी तरुणाचा खून झाला. ऑगस्टमध्ये एरिक क्लॅप्टनसारख्या नामांकित वादकाने बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून परदेशातून आलेल्या लोकांविरुद्ध गरळ ओकले. ज्याची कीर्ती काळ्यांच्या संगीतावर उभी, त्याने हे बोलावे, याचा संताप येऊन काही मंडळींनी ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभारली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रॅफल्गार चौकातून निघालेला मोर्चा पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात पोचला, तेव्हा ८० हजार ते १ लाख माणसे जमली होती असे सांगतात. ‘द क्लॅश’, ‘एक्स-रे स्पेक्स’, बर्मिंगहॅमच्या काळ्या तरुणांचा ‘स्टील पल्स’ असे ताफे त्या दिवशी गायले, आणि रॉबिन्सनचा ताफा त्यांत प्रमुख होता. स्वतःचे गाऱ्हाणे मांडणारा माणूस तिथे दुसऱ्याच्या गाऱ्हाण्यासाठी उभा होता. आपल्याकडे अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांचा लाल बावटा कलापथक ज्यांनी पाहिला वा ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी पाहिला, त्यांना या दृश्याची कल्पना करून द्यायला नको.

आता रेडिओकडे वळू. १९७८ साली ‘ग्लॅड टू बी गे’ ध्वनिमुद्रिकेवर आले, आणि ती मुद्रिका विक्रीच्या यादीत १८ व्या क्रमांकापर्यंत चढली. यादीतली गाणी क्रमाने लावण्याचा बीबीसीच्या रेडिओ वनचा शिरस्ता. पण हे गाणे त्यांनी लावले नाही. त्याऐवजी त्याच मुद्रिकेवरचे दुसरे, निरुपद्रवी गाणे लावले. त्या दुसऱ्या गाण्याचे नाव ‘डोन्ट टेक नो फॉर ॲन आन्सर’, म्हणजे ‘नकार हे उत्तर मानू नका’! नियतीलाही कधी कधी विनोदबुद्धी असते. त्याच रेडिओवर जॉन पील नावाच्या निवेदकाने मात्र ते मूळ गाणे बेधडक लावले. आणि लंडनच्या कॅपिटल रेडिओच्या श्रोत्यांनी आपल्या मतांनी ते सलग सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर ठेवले.

रेडिओचा नकार आपल्यालाही नवा नाही. पारतंत्र्याच्या काळात ‘वंदे मातरम्’ गाऊ दिले नाही, म्हणून मास्तर कृष्णरावांनी मुंबई रेडिओवर बहिष्कार घातला होता. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली बाळकृष्ण केसकर हे आपलेच मराठी गृहस्थ नभोवाणीचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केले? रेडिओ सिलोनकडे सुई फिरवली आणि ‘बिनाका गीतमाला’ डोक्यावर घेतली. शेवटी १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली.

पुस्तक नाकारले गेले, तर निदान लेखकाच्या हाती हस्तलिखित उरते. रेडिओचा नकार निराळा असतो. एक गाणे लावले नाही, तर त्याच्या जागी दुसरे लागते. श्रोता तेही आनंदाने ऐकतो. आणि काहीतरी गाळले गेले हे त्याच्या गावीही नसते. ही कात्री आवाज करीत नाही.

समीक्षकाने भाट होऊ नये, म्हणून आता थोडे उण्याविषयी. रॉबिन्सनची त्या काळातली सगळीच गाणी या गाण्याच्या तोलाची नाहीत. १९७८ च्या ‘पॉवर इन द डार्कनेस’ या संग्रहातली काही गाणी आज ऐकताना जुन्या मोर्चातले फलक वाचल्यासारखे वाटते. अक्षरे ठळक आहेत, पण शाई वाळून गेली आहे. शत्रू कोण आणि मित्र कोण, हे पहिल्याच ओळीत ठरलेले असल्याने पुढे शोधायला काही उरत नाही. १९७९ चा दुसरा संग्रह तर मला पहिल्याची उसनवारी वाटतो. त्याच वर्षी ताफा फुटला. पुढे रॉबिन्सनचे मन पुन्हा खचले आणि तो जर्मनीत हँबुर्गला जाऊन राहिला. १९८३ साली तो परतला तो ‘वॉर बेबी’ हे गाणे घेऊन. ते सहाव्या क्रमांकापर्यंत गेले. पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधली फाळणी आणि दोन माणसांतली फाळणी त्यात एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. इथे घोषणा नाही, बरोबर कोण आणि चूक कोण याचा निवाडा नाही. घाबरलेला, गोंधळलेला एक माणूस आहे. माझ्या मते हे त्याचे सर्वांत चांगले गाणे. खात्री गमावल्यावर त्याला कविता सापडली, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

आयुष्यानेही त्याची खात्री एकदा तपासून पाहिली. समलिंगी मंडळींना दूरध्वनीवरून मदत करणाऱ्या संस्थेसाठी झालेल्या एका कार्यक्रमात त्याची एका स्त्रीशी ओळख झाली. पुढे दोघांनी संसार थाटला, मुले झाली. चव्हाट्यावरच्या वर्तमानपत्रांनी टर उडवली, आणि काही जुन्या साथीदारांनाही ही फितुरी वाटली. रॉबिन्सनने जुने गाणे टाकून दिले नाही आणि नवा संसारही लपवला नाही. त्या गाण्याची कडवी तो काळाप्रमाणे बदलत गेला आणि गात राहिला. स्वतःच लिहिलेल्या घोषणेत आपण पुरते मावत नाही, हे कबूल करायला मोर्चात चालण्याहून अधिक धैर्य लागते.

१९८६ साली त्याला बीबीसीच्या जागतिक सेवेवर कार्यक्रम करण्याचे बोलावणे आले. ज्या संस्थेने त्याचे गाणे गाळले होते, तिच्याच ध्वनिक्षेपकापुढे तो बसला, पण आता दुसऱ्या बाजूने. त्यानंतर बीबीसीच्या बहुतेक सर्व राष्ट्रीय केंद्रांवर तो या ना त्या काळात बोलला. ‘द लॉकर रूम’ या रेडिओ फोरवरील कार्यक्रमात त्याने पुरुषांना पुरुषपणाविषयी बोलते केले. समलिंगी संगीताच्या इतिहासावरील त्याच्या माहितीपटाला १९९७ साली सोनी पुरस्कार मिळाला. जॉन पील २००४ मध्ये वारला. ज्या पीलने आपले गाणे लावले, त्याच्या ‘होम ट्रूथ्स’ या कार्यक्रमाच्या खुर्चीतही पुढे रॉबिन्सन बसला. २००२ साली बीबीसीचे सिक्स म्युझिक हे केंद्र सुरू झाले, आणि तिथे नव्या, अनोळखी गायकांची गाणी ऐकवणे हेच त्याचे मुख्य काम होऊन बसले. रेडिओबाहेरही त्याने ‘फ्रेश ऑन द नेट’ नावाचा उपक्रम चालवला. ज्यांच्या पाठीशी कुणी कंपनी नाही अशांनी आपली गाणी पाठवावीत, स्वयंसेवकांनी ती ऐकावीत, त्यातली निवडक सर्वांपुढे ठेवावीत आणि मग ऐकणाऱ्यांनी आपली आवड कळवावी, असा त्याचा परिपाठ.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. बंडखोराला सरकारदरबारी खुर्ची दिली की बंड निवते, हा जगाचा अनुभव आहे. व्हिक्टोरिया पार्कात जे बोलता येते ते बीबीसीच्या ध्वनिक्षेपकावरून बोलता येत नाही. रॉबिन्सनच्या आवाजाची धार रेडिओवर कमी झाली, हे मी मान्य करतो. ती धार ज्यांना प्रिय होती, त्यांना हा उतरता काळ वाटला असेल.

मला तो तसा वाटत नाही. गवई जेव्हा निवेदक होतो तेव्हा तो पहिल्यांदा श्रोता होतो. त्याला रोज ऐकावे लागते. आणि जे ऐकावे लागते त्यातले पुष्कळसे कच्चे, बेसूर, उसने असते. तरीही शेवटपर्यंत ऐकायचे, कारण त्यातले एखादे कुणाच्या तरी जिवावरचे ओझे असू शकते, ही जाणीव ज्याच्या सोळाव्या वर्षी जिवावर बेतले होते त्याच्याइतकी कुणाला असणार? मुख्याध्यापकांनी दार उघडले, लायवर्डनी उघडले, कॉर्नरने एका खोलीत गाऊन उघडले, पीलने मुद्रिका लावून उघडले. या चौघांतला एकही जण व्हिक्टोरिया पार्कात त्याच्याबरोबर मंचावर नव्हता. पण ते नसते तर तो तिथे पोचलाच नसता. पुढे मिळालेल्या खुर्चीचा उपयोग त्याने तेच दार इतरांसाठी उघडे धरण्याकडे केला. मी याला चळवळच म्हणतो. गाणे कलेसाठी की जीवनासाठी, हे ठरवण्याच्या भरात आपण ज्याला विसरलो तो माणूस हा: ज्याच्या हाती लावायचे की गाळायचे हे असते, तो.

आणि हे मला दूरच्या इंग्लंडाकडे पाहून कळलेले नाही. सातेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेत पंधरा ऑगस्टच्या समूहगीताची जबाबदारी माझ्याकडे होती. आठवीतला एक मुलगा फार सुरेल गाई. आवाज काळी पाचच्या वर सहज जाई, बारीक आणि स्वच्छ. पण चालणे-बोलणे नाजूक, त्यामुळे वर्गातली पोरे त्याला नको त्या नावाने हाक मारीत. तो पुढे उभा राहून गाऊ लागला की मागच्या बाकांवर खसखस पिके. मी त्या पोरांना दटावायला हवे होते. मी काय केले? पाहुण्यांसमोर शोभा नको, शिवाय त्याच्याच भल्याचे आहे, अशी स्वतःची समजूत घातली आणि पुढचे गाणे दुसऱ्या मुलाला दिले. तो मुलगाही बरा गात असे. कार्यक्रम छान झाला. पाहुण्यांनी शाबासकी दिली. काही गाळले आहे, हे कुणाला कळलेही नाही.

मला मात्र कळले होते. मी रांगेच्या मागेच उभा होतो. तो शेवटच्या ओळीत होता, आणि त्याचे नुसते ओठ हलत होते.

रॉबिन्सनचे ते गाळलेले गाणे मी पहिल्यांदा समजून ऐकले, तेव्हा मला रेडिओ वनचा राग येण्याआधी हा मुलगा आठवला. त्या केंद्रावर बसलेला माणूस काही राक्षस नसेल. त्यालाही घरोघरच्या श्रोत्यांसमोर शोभा नको असेल. त्यानेही दुसरे बरे गाणे शोधून लावले असेल आणि रात्री शांत झोपला असेल.

हल्ली मी प्रार्थनेसाठी मुले निवडताना त्यांच्याकडे पाठ करून, डोळे मिटून ऐकतो, आणि गाणे कितीही फसले तरी मध्येच थांबवत नाही. एवढ्याने मी कुणी जॉन पील होत नाही, हे मी जाणून आहे. टॉम रॉबिन्सनचे मोठेपण मोजताना मात्र त्याच्या किती मुद्रिका खपल्या हे मी पाहणार नाही, आणि त्याच्या घोषणांचा जोरही पाहणार नाही. ध्वनिक्षेपक हाती आल्यावर त्याने तो कुणापुढे धरला, ते मी पाहीन. त्या कसोटीला तो उतरतो, असे माझे मत आहे.

आमच्या शाळेतला तो मुलगा दहावी होऊन शहरात गेला. मध्ये एकदा बाजारात भेटला, वाकून नमस्कार केला. गातोस का रे, असे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. विचारले नाही.